मोठ्याची शंका

शवागाराबाहेरच्या बाकावर धाकटी वडिलांचा इस्त्री केलेला शर्ट मांडीवर घेऊन बसली होती आणि समोर तिचा मोठा भाऊ येईल त्याला मोबाइलवरचा फोटो दाखवत होता. फोटो आदल्या दुपारचा. पलंगावर अर्धांगवायूने आडवे झालेले बाबा, शेजारी चिरंजीव, हात बापाच्या ओठांशी आणि चेहरा कॅमेऱ्याकडे.

"कालच घास भरवला हो. या हातांनी!" असं म्हणून तो हातही दाखवी. हात छान होते. बाबा अंथरुणाला खिळल्यापासून ते हात दुसऱ्या कुठल्या कामाला लागल्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

बाबांचं हगणं-मुतणं, कूस बदलणं, औषधं, सगळं धाकटी करायची. दादा गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा आणि प्रमुख पाहुण्यासारखा अधूनमधून यायचा. काल वहिनीला घेऊन आला आणि म्हणाला, "जा तू, बाबांची औषधं घेऊन ये. आम्ही बसतो." धाकटीला केवढं बरं वाटलं! परत आली तर दार नुसतं ओढून घेतलेलं, दोघं पसार आणि बाबांची मान उशीवरून कललेली. झोप लागली असेल म्हणून तिने चादर सारखी केली. मग हात गार लागला.

गल्लीतले डॉक्टर दाखला लिहायला बसले होते. तेवढ्यात दादा परत आला, शेजारीपाजारी जमलेले पाहिले आणि खाकरून म्हणाला, "मी कोणाचं नाव घेत नाही. पण घरात दोघंच. गोळ्या हिच्या हातात. मला शंका आहे."

हे त्याचं जुनं हत्यार. सोसायटीच्या प्रत्येक सभेत तो शंका काढायचा, समोरचा घामाघूम व्हायचा आणि चहा येईपर्यंत दादा मोठ्या मनाने ती मागे घ्यायचा. मधल्या वेळात त्याला गच्चीची किल्ली, गाडीची सावलीतली जागा असं काहीबाही मिळून जायचं. इथे बहीण घाबरेल, रडेल, बाबांचं घर सोडून जाईल आणि मग आपण शंका मागे घेऊ, असा साधा कौटुंबिक हिशोब होता. पण डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "शंका असेल तर मी दाखला देत नाही," म्हणाले आणि पोलिसांना फोन केला.

म्हणून आज सगळे इथे. फौजदार दाराशी उभा होता. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरीणबाई हातमोजे घेऊन बाहेर आल्या.

"शेवटचं काय खाल्लं होतं त्यांनी?"

"सकाळी सूप," धाकटी म्हणाली. "मिक्सरमधून काढून, गाळून. त्यांना घट्ट काही गिळताच येत नव्हतं."

"त्यानंतर?"

"मी तरी काही नाही दिलं."

दादाने मोबाइल खिशात घातला.

"म्हणजे पोटबिट बघता की काय?" वहिनीने विचारलं.

"सगळंच बघतो. आधी अंग वरून तपासायचं. मग खांद्यांपासून छातीच्या मधोमध खाली चीर द्यायची. हृदय, फुप्फुसं, जठर काढून वजन करायचं, लागेल तिथला तुकडा तपासणीला ठेवायचा. डोकंही बघतो, पण चीर मागून, केसांत. अन्ननलिका, श्वासनलिका उभ्या उघडून बघायच्या. नंतर सगळं आत ठेवून शिवतो." बाईंनी मांडीवरच्या शर्टाकडे पाहिलं. "चेहऱ्याला काही होत नाही. हा घातलात की टाके दिसणारही नाहीत."

"श्वासनलिकासुद्धा?" दादाने विचारलं.

"सुद्धा."

आणि दादाला पितृप्रेमाचा असा उमाळा आला, की भिंतीला टेकावं लागलं. "माझ्या बापाला सुरी लावाल तर याद राखा! आयुष्यभर कष्ट केले त्या माणसाने. आमचा नकार आहे. लिहून देतो!"

"द्या की," फौजदार म्हणाला. "वाचू निवांत."

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "आजाराने गेलेल्या माणसाचं शरीर आम्हाला केवळ अभ्यासासाठी बघायचं असतं, तेव्हा घरच्यांना विचारतो. नाही म्हणालात की विषय संपला. पण संशय आहे म्हणून पोलिसांनी आणलं, की घरच्यांची परवानगी लागत नाही."

"संशय कोणाला आहे पण?"

"तुम्हाला," फौजदार म्हणाला.

"मग घेतला मागे!"

"साहेब, सभा नाही ही. चहा पण येणार नाही."

दादा बहिणीशेजारी येऊन बसला. इतक्या जवळ तो लहानपणीही बसला नव्हता. "तू सांग ना यांना. अगं, बाबांचे हाल होतील. आणि घराचं काय, राहा तू तिथे. मी कुठे काय म्हणतोय?"

धाकटीने त्याच्याकडे पाहिलं. रात्रभर तिने मनातल्या मनात एकेक गोळी मोजून पाहिली होती, सूप पुन्हा पुन्हा गाळलं होतं. "गाळलं की नाही, हेच आता मला आठवत नाही, दादा. माझ्या हातून गेले असतील तर मला कळू दे. तपासा बाई तुम्ही."

दार लागलं. दादा येरझाऱ्या घालत राहिला. फोटो रात्रीच सगळ्या नातेवाइकांना गेला होता. खिशातला मोबाइल त्यांच्या कौतुकाने सारखा टुणटुणत होता.

बाई बाहेर आल्या. "रासायनिक तपासणीचं नंतर येईल. पण मरणाचं कारण सापडलंय. श्वासनलिकेत सफरचंदाची फोड अडकली होती. सालीसकट."

"आमच्या घरात सफरचंद नव्हतंच," धाकटी म्हणाली. रात्रभर तिच्या छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं.

फौजदाराने हात पुढे केला. "तो फोटो दाखवा बघू. जरा मोठा करून."

"बॅटरी गेली," दादा म्हणाला. खिसा टुणटुणला.

वहिनीला राहवलं नाही. "अहो, साल फक्त फोटोपुरती ठेवली होती! लाल रंग उठून दिसतो म्हणून! ते खोकायला लागले, तेव्हा आम्ही लगेच निघालोसुद्धा!"

फौजदाराने वही काढली. दादाने बायकोकडे असं पाहिलं, की तसं सोसायटीत कोणाकडे पाहिलं नसेल.

धाकटी शर्ट घेऊन उठली. दादा घाईघाईने आडवा आला. "थांब, मी घालतो. मोठा मुलगा आहे मी."

"आत फोटो काढायला कोणी नाहीये, दादा," ती म्हणाली आणि तिने दार लोटून घेतलं.