विहिरीवरचा हेर

मी एक जुना, मांजरपाटाच्या जाड कापडाचा पट आहे. सारीपाट नव्हे हो! माझ्यावर घरं नाहीत, मुलुख आहे. कर्जतहून कोंडाणे लेण्यांच्या गावाला जाणाऱ्या वाटेवरच्या एका गावात आबाजींनी मला गेरूने आणि काजळीने रंगवलं. राणीचे दागिने त्या लेण्यांत दडवलेत, ते आणायचे, असा डाव. आबाजी गोष्ट सांगत, पोरं आपापला बेत सांगत आणि चिंचोके टाकून तो फसला की साधला ते ठरे. वाटेत विहिरीवर एक बैरागी भेटे. त्याला पाणी पाजलं की तो चोरवाट दाखवी. आबाजींची जया त्याला पाणी पाजायला कधी विसरली नाही.

मग चीनची लढाई लागली. पोरांना तलवारींचा कंटाळा आला. "आबा, आता हेर पायजे!" जया हटूनच बसली. लेकीच्या हट्टापुढे आबाजींचं काय चालणार? दागिन्यांच्या जागी घाटातल्या बोगद्यांचा नकाशा आला, घोड्याचा ट्रक झाला. बैराग्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा चढला. "ह्यो शत्रूचा हेर. वाट इचारंल, त्याला उलटी दावायची," आबाजी म्हणाले. मला नवे रंग मिळाले म्हणून मीही फुशारलो होतो.

भाऊबीजेला पोरांनी मला विहिरीजवळ पसरलं होतं. तेवढ्यात दाढी वाढलेला एक परका माणूस आला. काखेत बोचकं, त्यातून हिरवा काठ डोकावत होता.

"पोरी, वाईच पानी दे गं. कोंडाण्याला कंची वाट जाते?"

जयाने तिच्या खेळगड्याकडे, सख्याकडे पाहिलं. दोघांचे डोळे चमकले. तिने त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं आणि उलट्या दिशेच्या कडावची वाट दाखवली. मी उताणा पडून सगळं बघत होतो, पण पटाला कुठलं तोंड?

"आबा, हेर फशिवला!" हे ऐकताच आबाजी अनवाणी धावले. माणूस सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी कोंडाण्याची मंगळी चौकशी करत आली. तिच्या लग्नात रुसून गेलेला तिचा भाऊ भिवाजी मुंबईला गोदीत होता. तो यंदा पहिल्यांदाच येणार होता. मागाहून कळलं, कडावला पोचेतो त्याचा दिवस मावळला. सकाळी कामावर हजर व्हायचं, म्हणून तो तसाच परत फिरला होता. जयाने रडत सगळं सांगितलं.

मंगळी रागावली नाही. तिने एवढंच विचारलं, "बोचक्यात काय व्हतं गं?"

"हिरव्या काठाचं लुगडं."

"म्हंजे रुसवा गेला व्हता त्याचा," ती म्हणाली आणि तिथेच खाली बसली.

पुढची दिवाळी भिवाजीने पाहिली नाही. गोदीतल्या अपघातात तो गेला. आबाजींनी माझी घडी घातली ती कायमची. आज मी जयाच्या खालापूरच्या घरी ट्रंकेत आहे. तिची मुलं मला उलगडायला बघतात, ती झाकण लावते. माझं काळीज तुटतं, पण तिला बोल कसा लावू?

मित्रांनो, जुने डाव जरूर नवे करा. हेर आणा, नकाशे आणा. पण वाट विचारणाऱ्याला खरी वाट सांगा. कुणीतरी ओवाळणीचं तबक घेऊन त्याची वाट बघत असतं.