आधी काय झालं ते सांगा

घरातली एखादी वस्तू बंद पडली की आपल्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं निघतं, हे वाचकहो, एकदा आठवून पाहा. मास्तरांच्या घरात ते ठरलेलं होतं: "कोणी हात लावला होता?"

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. शहरातली कोणती बस किती वाजता सुटायची, कोणत्या फेरीला कोणता चालक जायचा, हे आगारात बसून आखणं त्यांचं काम. म्हणून सगळे त्यांना वेळापत्रकमास्तर म्हणत, आणि पुढे पुढे नुसतंच मास्तर. माणूस सरळ आणि कामसू, पण संताप नाकाच्या शेंड्यावर.

एका रविवारी सकाळी त्यांनी आपला जुना लॅपटॉप उघडला. नवं वेळापत्रक त्यातच तयार करून ठेवलं होतं आणि सोमवारी ते आगाराच्या फळ्यावर लागायला हवं होतं. दुसरीकडे त्याची प्रत नव्हती. मास्तरांनी बटण दाबलं. दिवा लागला, आतला पंखा घरघरला, पण पडदा काळाच्या काळाच राहिला. मग लॅपटॉपच्या पोटातून एक लांबट 'टूंऽऽ' आलं. थोडं थांबून पुन्हा तसंच.

"कोणी हात लावला होता?"

बायको ओट्यापाशीच थांबली आणि तिथूनच म्हणाली, मी कशाला लावतेय. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने पुस्तकातून मान वर न काढता नाही म्हटलं. मास्तर आणखी भडकले. लॅपटॉप काय आपोआप बिघडतो का, या घरात कुणाला कशाची किंमतच नाही, असं बरंच काही बोलून झालं. बोलता बोलता ते बटणही दाबतच होते.

मास्तरांची थोरली बहीण त्यांच्याकडे राहायला आली होती. उभा जन्म तिने रुग्णालयात परिचारिका म्हणून काढला होता. संगणकातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण बंद पडलेली वस्तू बघून तिचे डोळे लहान मुलीसारखे लकाकले. चष्मा लावून ती येऊन बसली. आधी तिने भावाचा हात बटणावरून बाजूला केला. लॅपटॉपला कान लावला, खालून तळहाताने ऊब पाहिली, मोबाइलचा दिवा पडद्यावर तिरका धरून आत काही पुसटसं दिसतंय का तेही न्याहाळलं. काही दिसलं नाही.

"हा गेलेला नाही रे," ती म्हणाली. "कण्हतोय. काहीतरी सांगतोय तो, आपल्याला त्याची भाषा येत नाही एवढंच."

आगारातले संगणक सांभाळणारा तंत्रज्ञ सुट्टीवर बाहेरगावी गेला होता. मास्तरांनी त्याला फोन लावला. त्याने तो 'टूं' आवाज दोनदा ऐकून घेतला आणि विचारलं, लॅपटॉपवर पाणी वगैरे सांडलं होतं, की तो कुठे पडला होता? पडला असेल तर आतली मेमरीची पट्टी सैल झाली असणार, ती काढून पुन्हा नीट बसवायची, सोपं आहे. पण पाणी गेलं असेल तर बटणाला हातच लावू नका, चार्जर काढा आणि पूर्ण वाळू द्या, नाहीतर आतलं सगळं जळेल. नक्की काय झालं ते विचारून मला कळवा, म्हणाला.

मास्तरांनी फोन ठेवला आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला, फक्त जरा मोठ्या आवाजात. उत्तरही तेच आलं.

तेव्हा बहीण उठली आणि तिने भावाला गॅलरीत नेऊन खुर्चीवर बसवलं.

"आमच्या वॉर्डात एक मुख्य परिचारिका होत्या," ती सांगू लागली. "भारी कडक. चूक झाली की चारचौघांत बिनपाण्याने करायच्या. एकदा एका पोरीच्या हातून एका आजोबांना गुंगीचं औषध दोनदा दिलं गेलं. भीतीने ती बोललीच नाही. आजोबा काही केल्या जागे होईनात. डॉक्टर मेंदू तपासतायत, हृदय तपासतायत, आणि जिला ठाऊक होतं ती शेजारीच पट्ट्या गुंडाळत उभी! आजोबा वाचले, पण नशिबाने. त्या दिवसापासून बाईंनी वॉर्डात एकच नियम केला. आधी काय झालं ते सांगायचं. कोणी केलं, ते नंतर बघू."

"म्हणजे कुणाला काही बोलायचंच नाही का?" मास्तर म्हणाले.

"बोल की. पण तू बोलतोस ते चूक सुधारायला, की राग काढायला? तुला चोर पकडायचाय की लॅपटॉप सुरू करायचाय, ते आधी ठरव."

एवढं बोलून ती आत गेली आणि मास्तर गॅलरीतच बसून राहिले. आतून बायकांची कुजबुज ऐकू येत होती. मग कोणीतरी हसलं. आपण घरात असताना असं हसू त्यांनी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. आपलीच माणसं आपल्याला घाबरून असतात, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

ते आत गेले, बायकोसमोर बसले आणि म्हणाले, "मी ओरडणार नाही. काय झालं होतं?"

बायकोने आधी नणंदेकडे पाहिलं. मग हळूहळू सांगितलं, की शनिवारी झाडताना लॅपटॉप खुर्चीवरून घसरला आणि त्याचा कोपरा फरशीवर आपटला. वरून काही दिसलं नाही म्हणून तो तसाच उचलून ठेवला. त्यावर मुलगी थक्क झाली. काल मधेच चार्जर ओढल्यामुळे आपल्याच हातून तो बिघडला, असं ती सकाळपासून धरून बसली होती. दोघींनी एकमेकींपासूनही लपवलं होतं.

पुढचं काम पटापट झालं. तंत्रज्ञाने फोनवरून सांगितलं तसं चार्जर काढला, बॅटरी काढली, खालचं छोटं झाकण उघडलं. पट्टी खरंच एका बाजूने वर आली होती. बहिणीने चष्मा सावरत ती निरखून पाहिली आणि एवढ्याशा गोष्टीत एवढं सगळं मावतं याचं तिला नवल वाटलं. मुलीने पट्टी काढून पुन्हा बसवली, ती खटकन बसली. बॅटरी परत लावून बटण दाबताच पडदा उजळला. वेळापत्रक जसंच्या तसं होतं.

सगळे हसले. मुलगी मात्र तिथेच घुटमळली.

"बाबा, अजून एक सांगायचं होतं. मागच्या परीक्षेत माझा एक विषय राहिलाय. दोन महिने झाले."

मास्तरांच्या कपाळाची शीर ताडकन उठली. 'लाज नाही वाटत' हे शब्द जिभेवर आले होते. त्यांनी ते गिळले. वेळ लागला, पण गिळले. मग बाजूची खुर्ची ओढून त्यांनी मुलीला जवळ बसवलं.

"काय झालं? मला नीट सांग."

आणि ती सांगू लागली. बराच वेळ सांगत राहिली.

वाचकहो, आपल्या घरात, कचेरीत, शाळेत रोज काही ना काही बिघडतं. धाक दाखवला की माणसं चुकायची थांबत नाहीत, फक्त सांगायची थांबतात. आणि जे आपल्याला कुणी सांगतच नाही, ते आपण दुरुस्त तरी कसं करणार?