कॉम्प्युटरला लागलेला हस्तदोष

चिक्कडपल्लीतल्या हिम्मतरावांच्या हॉलमध्ये त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. सत्यनारायणाला प्रसादापुरती डोकावणारी बिल्डिंगमधली माणसं आज तासभर आधी येऊन जागा धरून बसली होती. टेबलावर नवाकोरा कॉम्प्युटर होता, त्याला झेंडूचा हार घातला होता, आणि समोर यंत्रगुरू किशोर महाराज बसले होते. अंगावर रेशमी सोवळं, कपाळभर गंध आणि एका कानात ब्लूटूथ.

"या डब्यात डेटा साठवते ती एसएसडी. एसएसडी म्हणजे काय?" महाराजांनी विचारलं.

रितेश, म्हणजे हिम्मतरावांचा मुलगा, माधापूरच्या एका मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहायचा. त्याने तोंड उघडलं. "सॉलिड..."

"ते विलायती नाव झालं! मूळ नाव शुद्ध, सात्त्विक, दैवी. या तीन गुणांवर डेटा चालतो. गुण बिघडले की वेग बिघडतो."

हॉलमधून "वाहवा!" आली. रितेशने तोंड मिटलं आणि हात जोडले.

स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली रितेशची थोरली बहीण प्रणिता हे ऐकत होती. कॉम्प्युटर तिचा होता. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली, तेव्हापासून लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करायची. शहरातले फोटोग्राफर तासन्‌तासांचं शूटिंग आणून द्यायचे, ती त्यातून फिल्म कापून काढायची. खऱ्या हळदीला तिला कुणी पुढे बोलवत नसे. पडद्यावर मात्र शहरातली निम्मी हळद तिच्या हाताखालून जात होती. काम वाढलं म्हणून महिन्याभरापूर्वी हा नवा कॉम्प्युटर घेतला. पण मोठं शूटिंग कॉपी करायला घेतलं की तो सुरुवातीला वाऱ्यासारखा पळे आणि मग मध्येच बसकण मारी. दुकानदार म्हणाला, पीस चांगला आहे. मग सुलतान बाजारातल्या हिम्मतरावांच्या साडीच्या दुकानात कुणीतरी महाराजांचं नाव काढलं.

"आधी दोष बघू," महाराज म्हणाले आणि माउस हातात घेतला. कॉपी सुरू झाली. पडद्यावरचा वेगाचा हिरवा आलेख उंच चढला, थोडा वेळ टिकला आणि धाडकन खाली येऊन सेकंदाला साठ एमबीवर लोळायला लागला.

"बघा! राहू बसलाय आत. या मागच्या वायरी पाहिल्यात? साक्षात सर्प!"

"अय्यय्यो," तिसऱ्या मजल्यावरच्या आंटी पुटपुटल्या.

महाराजांनी मंत्र म्हटले, डब्यावर तांब्याचं यंत्र चिकटवलं आणि वरून लाल कापड लपेटलं. "आता यंत्राचं मौन. कुणीही हात लावायचा नाही. तोवर प्रसाद घ्या."

लोकांनी पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, खाल्ला, चहा घेतला. मग महाराजांनी पुन्हा कॉपी लावली. आलेख सरळ नऊशेच्या वर गेला आणि लोकांच्या हातातल्या प्लेटा खाली ठेवायच्या आत काम खतम! "गोविंदा, गोविंदा!" असा गजर झाला. प्रणिताची आई सुशीलाबाई डोळे पुसायला लागल्या. रितेशने सगळ्याचं शूटिंग केलं होतं. ते त्याने लगेच स्टेटसला टाकलं.

दुसऱ्या दिवशी प्रणिता कामाला बसली आणि आलेख पुन्हा साठावर आला.

हिम्मतरावांनी महाराजांना फोन लावला. पलीकडून एकच प्रश्न आला, "बसलं कोण होतं?" मग बराच वेळ महाराजच बोलत राहिले. फोन ठेवल्यावर हिम्मतराव पंख्याकडे बघत म्हणाले, "थोडे दिवस नक्को बसू तू तिकडं."

"का, अप्पा?"

उत्तर सुशीलाबाईंनी दिलं. "हस्तदोष म्हणतात ते. कुंकवाशिवायचा हात आहे ना, म्हणून... तुझ्याच भल्यासाठी सांगतात गं."

कॉम्प्युटर रितेशच्या ताब्यात गेला. त्याने मेल वाचले, दोनचार फोटो इकडचे तिकडे केले. सगळं झपाझप! घराला पुरावा मिळाला. ती बसली की मंद, तो बसला की चपळ. आणखी काय पाहिजे? हिम्मतराव म्हणाले की फोटोग्राफरांना नाही सांगून टाकू, हे लग्नाबिग्नाचं काम तिने करूच नये, लोक आधीपासून बोलतातच. एका लग्नाची अर्धवट राहिलेली फिल्म रिसेप्शनला दाखवायची होती. ती कोण पुरी करणार, हे कुणी विचारलं नाही.

एका दुपारी घर रिकामं असताना प्रणिता टेबलापाशी गेली. हात माउसपर्यंत गेला आणि मागे आला. खरंच असेल का? आपण बसलो की होतं, हे तर तिने स्वतःच पाहिलं होतं. दोष आपल्यातच असेल तर? हा विचार मनात आला आणि दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःची इतकी चीड आली की ती तडक स्वयंपाकघरात जाऊन बसली आणि रितेशचं शूटिंग फोनवर लावलं. काय झालं ते एकदा नीट बघायचंच.

त्या दिवशी सगळे आलेखाकडे बघत होते. तिने आलेख सोडून बाकीचा पडदा बघितला. रोजची सवयच होती ती. पहिल्या कॉपीच्या वेळी वर फोल्डरचं नाव होतं, 'लग्न'. मौनानंतरच्या कॉपीला नाव होतं, 'हळद'. दोन्ही फोल्डर तिनेच केलेले. लग्नात मंगलाष्टकांपासून जेवणावळीपर्यंत सगळं ठासून भरलेलं होतं. हळदीत इनमिन चार गाणी.

ती तशीच तारनाक्याला निघाली. तिथे तिची कॉलेजातली मैत्रीण त्रिवेणी राहायची. ती इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. त्रिवेणीने शूटिंग बघितलं आणि हसत सुटली.

"हसू नक्को गं. घरातून हाकलल्यासारखं झालंय मला."

त्रिवेणीने फोन खाली ठेवला. मग म्हणाली, "ऐक. स्वस्त एसएसडीत खरी साठवण हळू असते. म्हणून त्यातली थोडी जागा भराभर लिहिण्यासाठी ठेवलेली असते. आलेला माल आधी तिथे उतरवायचा. ती जागा भरली की खरा वेग उघडा पडतो. मग थोडा वेळ त्याला रिकामं बसू दिलं की तो आतल्या आत आवराआवर करतो आणि पुन्हा चपळ होतो."

"म्हणजे मौन..."

"मौन कसलं! पुलिहोऱ्याची सुट्टी. तुझा ड्राइव्ह कितपत भरलाय?"

"जुनी सगळी लग्नं त्यातच आहेत. जवळजवळ गच्च."

"मग ती भराभर लिहायची जागाही आक्रसली असणार. घरात मोठ्या फायली फक्त तू हलवतेस, म्हणून तुझ्याच हाताखाली तो दमतो. मेल वाचताना कशाला दमेल?"

पुढच्या रविवारी महाराज हस्तदोषाची शांती करायला आले. पुन्हा तीच गर्दी जमली. महाराज लिंबू काढणार तोच प्रणिता म्हणाली, "महाराज, मी हात लावत नाही. तुम्हीच कॉपी करा. फोल्डर तेवढं मी सांगते. 'लग्न' घ्या."

"बेटी, यंत्राची परीक्षा घेऊ नये."

"मागच्या रविवारी तुम्हीच घेतली की."

कुणीतरी मागे खुसकन हसलं. हिम्मतराव भाबडेपणाने म्हणाले, "करा ना महाराज. तुमच्या हाताला कसला दोष!"

आता सुटका नव्हती. महाराजांनी कॉपी लावली. आलेख चढला, टिकला आणि धाडकन साठावर आला.

"हिची नजर!" महाराज ओरडले. "ही समोर उभी आहे!"

"हौ, जाते मी." प्रणिता बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं. ती जिन्यात उभी राहिली. आतून मंत्र ऐकू येत होते. आधी शांत, मग घाईचे, मग जवळजवळ आरडाओरडा. मग काहीच नाही. दार उघडून रितेश बाहेर आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"साठच आहे, अक्का."

ती आत आली. कॉपी झालेलं तिने पुसून टाकलं, डब्यावरचं लाल कापड ओढून काढलं. "वारा जायची भोकं झाकलीत याने. तापला की आणखी मंद होतो." मग तिने वडिलांकडे वळून विचारलं, "अप्पा, लग्नसराईत दुकानात गाडीभर गठ्ठे आले तर?"

"काउंटरवर उतरवतो भराभर."

"आणि काउंटर भरलं की?"

"मग एकेक गठ्ठा माडीवरच्या गोडाउनात न्यावा लागतो. वेळ लागतोच."

"गिऱ्हाईक नसताना?"

"पोरं काउंटर मोकळं करतात."

"आतलं सगळं तसंच आहे. काउंटर लहान, गोडाउन हळू. महाराजांनी आधी गाडीभर माल आणला. मग तुम्हाला खायला बसवून काउंटर मोकळं होऊ दिलं आणि चार साड्या ठेवून दाखवल्या." तिने रितेशचं शूटिंग मोठ्या पडद्यावर लावलं. 'लग्न'. 'हळद'. सगळ्यांनी वाचलं. एवढ्या वेळात आतलं काउंटर मोकळं झालं होतं. मग तिने, स्वतःच्या हाताने, 'हळद' कॉपी केली. आलेख नऊशेच्या वर गेला.

या वेळी कुणी गजर केला नाही.

महाराज उठले. "जिथे तर्क चालतो तिथे शक्ती थांबत नाही," असं म्हणत त्यांनी चपला शोधल्या. आंटींनीच त्या पायाने पुढे सरकवल्या.

प्रणिताने जुनी लग्नं दुसऱ्या डिस्कवर हलवली. नंतर चांगल्या प्रतीचा ड्राइव्ह बसवून घेतला आणि दुखणं मिटलं. रिसेप्शनची फिल्म वेळेत गेली. पण त्या दिवशी, गर्दी पांगल्यावर, सुशीलाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवायला आल्या तेव्हा ती बाजूला झाली.

"अप्पा, आई, कॉम्प्युटर मंद होता हे खरं होतं," ती म्हणाली. "यंत्र बिघडतं. त्यासाठी घरातलं माणूस कशाला शोधलंत?"

हिम्मतरावांनी मान खाली घातली. साडीचा धागा शुद्ध आहे का हे जाळून बघितल्याशिवाय माल न घेणारा हा व्यापारी, स्वतःच्या मुलीवरचा आरोप मात्र एका फोनवर घेऊन बसला होता.

उद्या तुमच्याही घरी कुणी गंध लावून येईल आणि म्हणेल की पीक, पोर, धंदा, मशीन जे काही बिघडलं ते हिच्यामुळे. तेव्हा फार शिकलेलं असण्याची गरज नाही. त्याला एवढंच विचारा: "तेच काम हिच्याशिवाय करून पाहिलंत का?"