हिवरखेडच्या राजाचा मुकुट

मी मुकुट बोलतोय. सोन्याचा नाही, तेलाच्या पिप्याचा. हिवरखेडला कुर्बानभाईंच्या दुकानात माझा जन्म झाला. पत्रा कापला की काठ मुडपायचा, ही त्यांची रीत. पण टपरीवाल्या गजेंद्रने मला तसंच ओढून घेतलं.

"काठ मुडपू द्या भाऊ, लागन त्याले," कुर्बानभाई म्हणाले.

"राजाले कायचं लागते?" गजेंद्र हसला.

राजा म्हणजे डोमाजी. बायको वारली तेव्हापासून तो स्वतःला साऱ्या वऱ्हाडाचा राजा म्हणवायचा. यंदा वऱ्हाडात उन्हाळ्याला बंदी, असा हुकूमही त्याने काढला होता. कोणाचं वाईट केलं नाही हो त्याने. पण असं एखादं येडं सापडलं, की माणसांना सोडवत नाही.

टपरीवर गजेंद्रने मला त्याच्या डोक्यात दाबून बसवलं. कपाळातून रक्त आलं. पण सगळे मुजरे करत होते, म्हणून डोमाजी ताठ बसून राहिला.

"महाराज, मुकुट उतरवला का राज्य गेलं बरं," गजेंद्रने बजावलं.

मग तो मला घालूनच झोपू लागला. जखम चिघळली. त्याची लेक संध्या तान्हं लेकरू कडेवर घेऊन मागे हिंडायची. "बाबा, काढा ते. दवाखान्यात चाला." तो ऐकेना. ती टपरीवर गेली.

"दादा, तुमचंच आयकते ते. एकडाव सांगा ना."

"प्रजेनं राजाले कसं सांगावं, ताई?" गजेंद्र म्हणाला. बाकीचे चहा सांडेस्तोवर हसले.

शेवटी ती बापापुढे वाकली. "महाराज, मुकुट उतरवा."

डोमाजी खूश झाला. "उतरवतो. वारसाले देतो." त्याने मला काढलं अन् बाळाच्या डोक्यावर आणलं. टाळू भरली नव्हती, लुकलुक करत होती. मला का थांबता येते? संध्याने मला मुठीत धरलं, तळवा फाटला, तरी सोडलं नाही. मग अंगणात भिरकावलं.

"फितूर," बाप म्हणाला. मला उचलून परत घातलं. त्यानंतर तो लेकीशी बोलला नाही. अकोल्याला नेलं तेव्हा धनुर्वाताने दातखीळ बसली होती. तो गेला.

संध्याने मला उकिरड्यावर टाकलं. गजेंद्रने तिथून उचललं, धुतलं अन् टपरीत खिळ्याला टांगलं. परवा एक माणूस आला, एकटाच बोलत होता. गजेंद्रने त्याला खुर्ची पुसून दिली.

बाबा रे, तू कोणीही असशील. इथे टपरीवर तुला कोणी महाराज म्हटलं, तर चहा टाकून चालता हो.