फुकटचा करकोचा

करकोच्याच्या डोक्यावर निळी टोपी होती आणि तो माझ्याकडे काहीच मागत नव्हता. तिथंच मला पहिला संशय आला.

आमच्या टोंगातल्या वावाऊ बेटावर लोकांचा हात सैल आहे, नाही असं नाही. पण दिलेलं फिरून येतं, हे देणाऱ्याला ठाऊक असतं आणि घेणाऱ्यालाही. शेजारीण आज टोपलीभर कोनफळं देते, म्हणजे उद्या तिच्याकडे कुणी वारलं की आपली चांगली चटई तिच्या दारात पोचायला हवी. हा टोपीवाला पक्षी मात्र टॅबलेटच्या काचेत उभा राहून परक्यांच्या पोरांना जपानी शिकवतो. उत्तर बरोबर आलं की पंख फडफडवतो, वर एक पीस बक्षीस देतो. वर्गणी नाही, जाहिरात नाही, देणाऱ्याचं नावगाव नाही.

"फुकट?" वीका म्हणाली. वीका माझी लहानपणापासूनची मैत्रीण. चटया विणायच्या घरात तिची जागा माझ्या शेजारी असते, आणि तिची जीभ केवड्याच्या पातीपेक्षा धारदार आहे. "अगं कालिसी, आपल्या चर्चमध्ये देवाचं नावसुद्धा फुकट घेता येत नाही. तुझा हा करकोचा कोण लागून गेला?"

"जपानच्या सरकारनं ठेवला असेल."

"सरकारं कधीपासून पोरांशी खेळायला लागली? माशाला आमिष फुकटच असतं, बाई."

बाकीच्या बायका हसल्या. मीही हसले, पण माझी पात चुकली आणि दोन ओळी उसवाव्या लागल्या.

आमच्या घरात करकोच्याकडे शिकणारी पोर म्हणजे नाइते, माझ्या धाकट्या भावाची लेक. तिची आई गेली तेव्हा ती रांगत होती. मी भावाकडे तिला मागितली आणि त्यानं दिली. आमच्यात आत्यानं मागितलं की द्यायचं असतं. भावापेक्षा बहीण वरची आणि भावाच्या मुलांवर तर आत्याचं राज्यच. लग्न असो की मयत, आत्या पुढं बसते. आलेल्या भेटींतली सगळ्यात मोठी चटई तिच्या मांडीवर येते, आणि तिनं 'हो' म्हटल्याशिवाय पान हलत नाही.

भाऊ सितालेकी पुढे रग्बी खेळायला जपानला गेला. गुडघा गेला, तसा तिथंच एका कारखान्यात लागला. मायुमी नावाच्या मुलीशी लग्न केलं, एक मुलगा झाला, रिकु. गेल्या नाताळात त्यानं खोक्यातून हा टॅबलेट पाठवला आणि त्यात हा करकोचा आधीच येऊन बसलेला होता.

का बसवलास बाबा, असं मी त्याला विचारू शकत नव्हते. बहीण वरची असते, पण त्या मानाचं ओझंही असतं. वयात आलेले बहीणभाऊ आमच्याकडे एका खोलीत सैल बसत नाहीत, थट्टा करत नाहीत, मनातलं बोलत नाहीत. हल्ली शहरात हे कुणी फारसं पाळत नाही, पण आमच्या आईनं ते आमच्या हाडात घातलं होतं. व्हिडिओवर माझी सावली जरी दिसली तरी सितालेकी डोक्यावरची टोपी काढून ताठ बसतो आणि भिंतीकडे बघायला लागतो. जे काही बोलायचं ते तो माझ्या नवऱ्याशी, फिलिमोनेशी बोलतो. मला काही सांगायचं असलं तर मी स्वयंपाकघरातून फिलिमोनेला ओरडून सांगते, म्हणजे ज्याला ऐकायचं तो ऐकतो.

"दर वेळी काय विचारतो रे तो तुला?" मी फिलिमोनेला विचारलं.

"काही नाही. हवापाणी. डुकरं कशी आहेत. नाइतेचे पाय किती वाढले."

"पाय?"

"माप विचारतो. मी पावलाखाली दोरी धरतो आणि दाखवतो. बूट पाठवत असेल."

बूट तर कधीच आले नव्हते. आज माप, उद्या तिकीट. कुणी नेणार असेल तर आधी मोजतोच की.

नेणारे काय करतात ते मला चांगलं ठाऊक आहे. माझे दोघे मुलगे एका हंगामापुरते म्हणून ऑकलंडला फळं तोडायला गेले. आता मयतीला येतात, तेही जवळचं कुणी असेल तर. इथून विमान जातं ते भरलेलं आणि येतं ते खोकी घेऊन.

मग मी नाइतेच्या धड्यांवर नजर ठेवली. पहिल्यांदा ती फळं, रंग, प्राणी शिकली. ठीक आहे. पण पुढे? घर. घरातली माणसं. जेवायला बसताना काय म्हणायचं. दारात बूट कुठं काढायचे. हे धडे कुणाला लागतात? पाहुण्याला नाही. त्या घरात राहणाऱ्याला लागतात.

"करकोच्यानं हा क्रम कुणाच्या सांगण्यावरून लावलाय गं?" मी नाइतेला विचारलं.

"सगळ्यांना हाच क्रम आहे, आत्या. जगातल्या सगळ्या पोरांना."

असं तिला कुणीतरी पढवलं असणार, असं मला वाटलं.

शेवटी मी स्वतःच शिकायचं ठरवलं. शाळेत मी फार गेले नाही. विणायला, शिवायला, डुकराचं बाळंतपण करायला जशी बघून बघून शिकले, तशीच ही भाषाही शिकेन म्हटलं. नाइते शाळेत गेली की दार लोटायचं, टॅबलेट पिठाच्या डब्याला टेकवायचा आणि करकोच्यासमोर बसायचं. तो म्हणायचा, मी म्हणायची. चुकलं की मान वाकडी करायचा, रागवायचा मात्र नाही. जन्मात मला इतक्या वेळा कुणी 'शाब्बास' म्हटलं नसेल. आवडायला लागला मेला, आणि तेच मला जास्त खटकलं.

एक धडा मात्र मनात रुतला. चित्रातली मुलगी शाळेला निघते. दारात म्हणते, "जाऊन येते." आई आतून म्हणते, "जाऊन ये." त्यांच्यात रोजच असं म्हणतात म्हणे. आमच्यात जाणारा म्हणतो 'राहा सुखानं', राहणारा म्हणतो 'जा सुखानं', आणि परत यायचं नाव कुणीच काढत नाही. मी तो धडा पुन्हा पुन्हा लावला.

एके दिवशी नाइते कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "माझ्या करकोच्याकडे जास्तीची पिसं आली कुठून? मी न केलेले धडे झालेत." तिनं वळून फिलिमोनेकडे बघितलं. "आतोबा! तुम्ही ना?"

"मी?" फिलिमोने टॅरोचे कंद सोलत होता. "मला टोंगनमध्ये तुझी आत्या समजत नाही, मी जपानी कशाला शिकू?"

"चोर आपण चोर आहोत असं सांगतो का कधी?"

मी भांडी घासत राहिले.

नाइते दर रविवारी दुपारी बापाकडे फोन लावायची. चर्च झालेलं असतं, भुईतल्या भट्टीतून काढलेलं जेवण झालेलं असतं, सगळं गाव आडवं पडलेलं असतं. ती अंगणातल्या नीरफणसाखाली बसायची. त्या रविवारी मी झडपांच्या खिडकीखाली चटई टाकली आणि घोरायला लागले. मला खोटं घोरता येतं.

आधी छोटा रिकु काहीतरी किंचाळला. मग मायुमीचा आवाज आला, सावकाश, एकेक शब्द सुटा. आणि मला कळलं! हवेतून आलेलं परक्या बाईचं बोलणं माझ्या डोक्यात येऊन बसलं. थंडीत. बर्फ. आमच्या घरी. येशील?

"ए, कधी?" रिकु म्हणाला.

नाइते जपानीतच म्हणाली, "आत्याला विचारते."

आणि मागून सितालेकीचा आवाज आला, आमच्या भाषेत, हळू पण घाईनं. "नाही. आत्याला विचारायचं नाही. कळलं? एक अक्षर नाही."

माझं घोरणं थांबलं.

फोन संपेपर्यंत मी तशीच पडून राहिले. मग उठले, अंगणात गेले आणि नाइतेच्या हातातून टॅबलेट काढून घेतला.

"थंडीत बर्फ बघायला बोलावलंय का तुला? आणि आत्याला विचारायचं नाही?"

नाइतेचा चेहरा आधी पांढरा पडला. मग तिचे डोळे बारीक झाले. "बर्फाचं तर मायुमी बोलली. जपानीत. तुला कसं कळलं?"

मी टॅबलेट पाठीमागे घेतला.

"ती पिसं तुझी!" ती ओरडली. "मी उगाच आतोबांना चोर म्हणत होते!"

"विषय बदलू नकोस. सगळे मिळून मला फसवताय. हा टॅबलेट आता पाण्याच्या टाकीत जाणार."

आवाजानं फिलिमोने बाहेर आला. "काय झालं? डुकरं सुटली का?"

"तुझा मेहुणा पोर चोरतोय."

"चोरत नाहीयेत!" नाइते रडायला लागली, पण रडताना तिचं बोलणं तुटत नाही, माझ्यासारखंच आहे ते. "बाबा म्हणतात, आत्याकडे मागायचं नसतं. दिलेलं परत कसं मागणार? मायुमीला हे कळतच नाही. ती म्हणते विचारून बघ. बाबा म्हणतात, नको, आत्याला वाटेल आपण तिच्याकडून पोर काढून घेतोय. म्हणून कुणीच काही विचारत नाही. नुसते बूट घेतात."

"कसले बूट?"

तिनं नाक पुसलं, टॅबलेट माझ्या हातातून घेतला आणि मायुमीनं पाठवलेला एक फोटो काढला. त्यांच्या घराचं दार. दाराशी एक छोटं फळीचं कपाट. त्यात रिकुचे बूट, आणि शेजारी मुलीचे बूट ओळीनं, एक तळहाताएवढा, पुढचा जरा मोठा, त्याच्या पुढचा अजून. सगळ्यात मोठा जोड लाल, आत लोकर लावलेला. मुलीच्या एकाही बुटाचा तळ मळलेला नव्हता.

फिलिमोने माझ्या खांद्यावरून बघत होता. "बघ, माझी दोरी बरोबर होती," तो हळूच म्हणाला.

मी बराच वेळ त्या बुटांकडे बघत राहिले. मागता येत नाही म्हणून दर वर्षी जोड घेऊन दारात ठेवणारा माणूस, तो माझाच भाऊ. आमच्या आईच्या हाताखालचा.

"तुला तिथं राहायला जायचंय?" मी विचारलं. मला हे विचारायचं नव्हतं.

"राहायला कशाला?" नाइते वैतागली. "मला रिकुला भेटायचंय. तो माझा भाऊ आहे. उद्या त्याचं लग्न होईल, त्याला पोरं होतील, त्यांची आत्या मी. पुढं मी बसणार. मोठी चटई माझ्या मांडीवर येणार. आणि त्याला हे काहीच माहीत नाही, आत्या! मला 'ए' म्हणतो! त्याला शिकवायला नको? आणि त्याच्या भाषेत नाही सांगितलं तर तो ऐकणार कसा?"

फिलिमोने हसू दाबत आत निघून गेला. मला दाबता आलं नाही.

पण हसणं वेगळं आणि विश्वास वेगळा. रात्र गेली, विणकामाचा आठवडा गेला. वीका म्हणाली, "पाठवशील तर गेली म्हणून समज. तुझे दोघे बघ." मीही तेच म्हणत होते मनात. दुसरं एक मात्र कळत होतं. मी गप्प बसले तर काहीच होणार नाही. कुणी विचारणार नाही, कुणी रागावणार नाही. नुसते त्या कपाटात बूट वाढत जातील.

पुढच्या रविवारी मी चर्चचे कपडे काढले नाहीत. चर्चला जाताना मानानं कमरेला गुंडाळतो ती चटई घट्ट केली आणि नीरफणसाखाली टॅबलेटसमोर जाऊन बसले. पडद्यावर सितालेकी दचकला, टोपी काढली आणि उठून बाजूला झाला. त्याचा एक खांदा तेवढा दिसत राहिला. मायुमी एकटी उरली, हात मांडीवर घेऊन.

माझ्याकडे करकोच्यानं दिलेले शब्द होते, तेवढेच. मी एकेक करून समोर ठेवले. "नाइते. थंडी. तुमचं घर. जाते." मायुमीनं तोंडावर हात नेला. मी बोट वर केलं, अजून संपलं नव्हतं. "जाऊन येते."

मायुमी भराभर बोलायला लागली, वाकली, रडली, परत वाकली. त्यातलं मला काही कळलं नाही. शेवटी मात्र ती सावकाश, करकोच्याच्या चालीत माझंच वाक्य म्हणाली, "जाऊन येते." दोनदा म्हणाली. तिच्या शेजारचा खांदा हलत होता. मी भिंतीकडे बघितलं, म्हणजे अंगणात भिंत नव्हती म्हणून नीरफणसाच्या खोडाकडे. भावाला रडताना बघायचं नसतं.

नाताळच्या सुट्टीत आमच्या छोट्या विमानतळावर नाइते निघाली. सोबत चर्चमधलं एक जोडपं होतं, तेही जपानला निघालेलं. नाइतेच्या हातात मायुमीसाठी विणलेली चटई होती, काठाला लाल लोकर लावलेली. बुटांची परतफेड नको का? वीकाही आली होती, डोळे पुसत होती आणि डोळ्यात माशी गेली म्हणून शिव्या देत होती.

"राहा सुखानं, आत्या," नाइते म्हणाली.

"ते नाही. करकोच्याचं म्हण."

तिला कळलं. तिनं करकोच्यासारखी मान वाकडी केली आणि म्हणाली. मी उत्तर दिलं. विमान वर गेलं तेव्हा वीकानं विचारलं, "काय गं म्हणालात?"

"तुला फुकट नाही सांगणार."

टॅबलेट पोरीबरोबर गेला. मी फिलिमोनेच्या फोनवर करकोचा लावून घेतला. पुढच्या धड्यात चित्रातली मुलगी घरी परत येते आणि दारात काहीतरी म्हणते, आणि घरातल्यांनी आतून काय म्हणायचं तेही आहे. तो धडा मी रोज करते. इतकं फुकट कोण देतं आणि का, ते अजून कळलेलं नाही. नाइते येईपर्यंत करकोच्यावर लक्ष ठेवून आहे.