मास्तरांचे रुसलेले आतडे

मित्रांनो, आधीच नाक मुरडू नका. मी एक जुने आतडे आहे. छत्री किंवा फळा आपली कहाणी सांगू लागला की तुम्ही कौतुकाने ऐकता, आणि माझे नाव काढले की खुदूखुदू हसता. हसा, पण ऐका.

माझे मालक शिंपी. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते. मी त्यांच्यासोबतच जन्मलो आणि त्यांच्यासोबतच वाढलो. त्यांनी गिळायचे आणि मी निस्तरायचे, अशी आमची कामाची वाटणी. तरुणपणी ते छाती ठोकून सांगत, "आपल्याला दगडसुद्धा पचतो!" ते ऐकून माझ्याही अंगावर मूठभर मांस चढे. तेवढेच माझे कौतुक. एरवी माणसे जिवलगाला 'आतड्याचे माणूस' म्हणतात, पण खुद्द आतड्याची विचारपूस कोणी करत नाही. मास्तर दिवसभर मशिनवर बसत. मी हाक मारली तरी गिऱ्हाईक समोर असताना उठत नसत. "थांब रे, एवढी बाही लावू दे," असे म्हणून मला दटावत.

पुढे माझ्या आत एक गाठ धरली. मला बोलता येत नाही, म्हणून मी शौचातून रक्त दाखवले. मास्तरांनी ते पाहिले, त्यावर बादलीभर पाणी ओतले आणि गप्प बसले. असल्या गोष्टी बायकोशी तरी कशा बोलायच्या? ते वाळत चालले. विजार सैल झाली, तेव्हा त्यांनी ती गुपचूप कमरेत आवळून घेतली. मग पुन्हा आवळली. धुवायला काढलेली ती विजार बायकोच्या हाती लागली आणि बिंग फुटले. तिने त्यांना ओढतच दवाखान्यात नेले.

तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दुर्बिणीतून ऑपरेशन करू. पोट फाडायचं नाही, बारीक भोकं पाडायची."

"म्हणजे काजंच की," मास्तर म्हणाले. "मग आतली शिवण तेवढी दुहेरी घाला."

पोटात हवा भरून त्यांनी तंबू उभा केला आणि एका काजातून दिवा आत आला. जन्मात पहिल्यांदा मी उजेड पाहिला, आणि त्या उजेडात कात्री पाहिली. गाठीसकट माझा एक तुकडा गेला. उरलेली टोके जोडली गेली. काम अगदी नेटके झाले, पण मला आजवर कोणी हात लावला नव्हता. मी पार बधिर होऊन पडलो.

मी पुन्हा कामाला लागलो याची एक साधी खूण असते. वर्गात जिच्यावरून तुम्ही एकमेकांकडे बोट दाखवता, तीच. ती विचारायला एक तरुण डॉक्टर आला. मुलगा फार सभ्य. खोलीत मास्तरांची बायको होती, लेक होती. सरळ शब्द काही त्याच्या जिभेवर येईना.

"काका, वारा सुटला का?"

मास्तरांनी खिडकीकडे पाहिले. पडदा फडफडत होता. "हो हो, मघापासून मस्त सुटलाय."

डॉक्टर खूश झाला. चहा-बिस्किटे आली, मागोमाग जेवणही आले. मी जागचा हललो नव्हतो, आणि वरून माल येतच होता.

पोट नगाऱ्यासारखे फुगले. मास्तर हिरवे पाणी ओकू लागले, नाडी धावू लागली. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी येऊन पोटावर नळी ठेवली. बराच वेळ ऐकूनही त्यांना माझा आवाज सापडेना.

"मास्तर, आतली शिवण उसवली असेल तर पुन्हा ऑपरेशन, आणि या खेपेला पोट उघडून. जिवाला धोका आहे, लपवत नाही. आता मला सरळ सांगा, ऑपरेशननंतर एकदा तरी पादलात का?"

लेकीने मान फिरवली. मास्तर कानापर्यंत लाल झाले.

"अहो, सांगा ना!" बायको रडवेली झाली. "जीव मोठा की लाज?"

"एकदाही नाही," मास्तर पुटपुटले.

"पण काका, तुम्हीच म्हणालात ना, वारा सुटलाय!" तरुण डॉक्टर म्हणाला.

"अरे बाळा, तो खिडकीतला!"

कोणी हसले नाही. उसवलेली शिवण म्हणजे काय, हे मास्तरांना वेगळे सांगायला नको होते. त्यांनी बायकोचा हात घट्ट धरला. मी फार घाबरलो होतो. घोळ माझ्यापाशी झाला होता, पण जाणार होते मास्तर.

स्कॅन काढला. शिवण शाबूत होती. "आतडं नुसतं रुसलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नाकातून नळी घालून साठलेले पाणी काढले, खाणेपिणे बंद केले, सलाइन लावले. मग लेक रोज त्यांना उठवू लागली. "चला बाबा, त्या दारापर्यंत." मास्तर सलाइनचा खांब ढकलत कण्हत-कुथत चालत. त्या चालण्याने मला हळूहळू जाग येत गेली. आधी मी नुसता गुरगुरलो. आणि एका सकाळी, दुकानातली जुनी गिऱ्हाइके भेटायला आलेली असताना, मास्तरांकडून भर खोलीत मोठा आवाज झाला. बायकोला रडू कोसळले. लेक सगळ्यांना सांगत सुटली. पाहुण्यांना मात्र हसावे की अभिनंदन करावे ते कळेना.

आता मी हाक मारली की मास्तर गिऱ्हाइकाला "आलोच" म्हणून उठतात. परवा दुपारी ते कापड बेतत होते आणि बायको बटणे लावत होती. मान वर न करता ती म्हणाली, "अहो, मलाही तुमच्यासारखंच रक्त जातंय. बरेच दिवस झाले."

कात्री थांबली. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही नुकते उठलेले. त्यात हे काय सांगायचं?"

मास्तरांनी कापड तसेच टाकले आणि चप्पल पायात सरकवली. "चल. तुझ्या तोंडून नाही निघालं तर मी सांगेन. अगदी सरळ शब्दांत."

मित्रांनो, तिच्या पोटातल्या माझ्या भावंडाचे पुढे काय होईल, मला ठाऊक नाही. पण त्याचे गाऱ्हाणे आता बाहेर तरी आले. तुमच्या घरात कोणी असे गप्प असेल, तर जवळ बसून विचारा. आणि ते लाजत-लाजत बोलू लागले, तर कृपा करून हसू नका.