धुतलेला कचरा

मोहाच्या पाड्यात कचरा नव्हता आणि त्यापायी हर्षालीची झोप उडाली होती.

आता कचरा नाही म्हणून कुणाची झोप उडते का? पण गोष्टच तशी झाली. आदल्या पावसाळ्यात मुंबई बुडाली. पिशव्यांनी गटारं तुंबली म्हणून बुडाली, हे सरकारच्या ध्यानात आलं, आणि सरकारला एकदा जाग आली की ते कोपऱ्यात निजलेल्यालाही हलवून उठवतं. वैशाखरे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकलेल्या या पाड्यावर ना गटार ना मुंबई. तरी तालुक्याहून जीप आली. साहेब उतरले आणि म्हणाले, जो पाडा प्लास्टिकमुक्त होईल, त्याला नळयोजना आधी.

नळ म्हटल्याबरोबर हर्षालीने मांडीवरच्या लेकीला, भूमिकाला घट्ट धरलं. पोर जेमतेम चालायला लागलेली. होळीपासून तिचं पोट सारखं बिघडत होतं. हर्षाली मुरबाडच्या कॉलेजात बी.ए. झालेली, पाणी गाळायची, उकळायची, निवलं की पुन्हा गाळायची. सासू बारकी म्हणायची, "पानी शिजवतेस का डाळ गो?" पण पाड्याला पाणी एकच, ओढ्यातला झिरा. मे महिन्यात तो म्हणजे खडकातली ओंजळ. पाझरेल तेवढं वाटीवाटीने भरायचं.

"साहेब, आम्ही आत्ताच प्लास्टिकमुक्त आहोत," हर्षाली उठून म्हणाली. "कुठे काही पडलेलं दिसतंय का?"

साहेबांनी सारवलेली अंगणं पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला. "तेच तर. मुक्त व्हायचं म्हणजे आधी गोळा करायला पाहिजे. ढीग, ढिगाचा फोटो, मग मुक्ती. तुमचा ढीग कुठाय?"

नवसू पाड्यातून पंचायतीवर निवडून गेलेला. त्याने डोकं खाजवलं. "आडातच नाय तं पोहऱ्यात कुठून येल, सायेब?"

"पिशव्या येतच नाहीत इथं?"

"येतात ना," बारकी म्हणाली. "पन त्या कामात हायेत. खताच्या गोनीचा कागद इरल्याला लावलाय, दुधाच्या पिशवीत भोपळ्याच्या बिया हायेत. फेकाया आमी काय येडे हाव?"

"वापरातलं चालत नाही. टाकून दिलेलं पाहिजे, चांगलं टेम्पोभर," असं म्हणून साहेब पुढच्या पाड्यावर गेले.

त्या दिवसापासून पाडा कचऱ्याच्या मागे लागला.

घाटरस्त्याच्या करवंदीच्या जाळ्यांत गेल्या पावसाळ्यातल्या पर्यटकांची वेष्टनं अडकलेली होती. बायका दोन-दोन पाट्या घेऊन निघाल्या, एक करवंदांना, एक वेष्टनांना. तर रस्त्याकडच्या गावची माणसं काठ्या घेऊन उभीच.

"कचरा आमच्या हद्दीतला हाय. हात लावू नका!"

"तुमचा कसा रे?" हर्षालीची शेजारीण सावळी कडाडली. "मुंबयवाल्यांनी टाकलाय त्यो!"

"टाकला आमच्याकडं ना? मंग आमचा!"

त्यांनाही नळ हवा होता. बायका नुसती करवंदं घेऊन परत आल्या.

मग उरला एकच मार्ग. कचरा घरीच करायचा. हर्षालीचा नवरा जगदीश मुरबाडला कारखान्यात होता. तो बाजारातून कांदे एका पिशवीत, बटाटे दुसरीत, मिरच्या तिसरीत आणायला लागला. "दुकानदार विचारतो, घरात वाटण्या झाल्या का?" तो सांगायचा. कोरा चहा पिणाऱ्या घरांत दुधाच्या पिशव्या आल्या. सावळीचा सासरा बोळक्या तोंडाने वेफर चघळायचा आणि कुणी हसलं की डोळे वटारायचा, "सरकारी काम हाय. हसता काय?" शाम्पूच्या पुड्या आल्या, पण डोकं धुवायला पाणी कुठलं? बायकांनी शाम्पू तेवढा तांब्यात काढून ठेवला आणि पुड्या ढिगावर टाकल्या.

भूमिकाने एक रिकामं पाकीट चाटलं तेव्हा हर्षालीने ते हिसकावून घेतलं. आपण पोरीसाठी चांगलं पाणी आणतोय की पोरीला हे खायला शिकवतोय, ते तिचं तिलाच कळेना. पण ढीग वाढत होता. रोज संध्याकाळी ती मोठ्या आशेने कचऱ्याकडे बघायची.

साहेब ढिगाचा फोटो काढायला परत यायच्या आदल्या दिवशी भूमिकाचं पोट पुन्हा बिघडलं. हर्षाली तिला टोकावड्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी पावडर दिली आणि वर सांगितलं, पाणी तेवढं सांभाळा. उन्हं कलताना ती पाड्याशी आली आणि जागीच उभी राहिली.

कुंपणावर, मांडवावर, शेवग्याच्या फांद्यांवर सगळीकडे पिशव्या वाळत घातलेल्या. निळ्या, पांढऱ्या, चकचकीत. वाळलेल्यांच्या घड्या घालून बारकीने चवड रचली होती.

"आई, हे काय?"

"मंग काय, सरकारच्या घरी उष्टं-खरकटं धाडायचं?" बारकी अभिमानाने म्हणाली. "शेजारी ताट द्यायचं झालं तरी धुवून देतो आपन. समद्या बाया लागल्या होत्या. त्यो शाम्पू बरा कामाला आला."

"कुठे धुतलं?"

बारकीच्या हातातली घडी थांबली. "झिऱ्यावर. दुसरीकडं पानी हाय कुठं?"

हर्षाली पोरीला कडेवर घेऊनच धावली. खडकातल्या ओंजळभर पाण्यावर फेस तरंगत होता. वास चंदनाचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले. त्यांनी चवडीवरून बोट फिरवलं. "हा कचरा नाही. हा माल आहे."

"टाकून दिलेलाच हाय, सायेब," नवसू म्हणाला.

"टाकून दिलेला असा दिसतो? फोटोत दुकान वाटेल. मी वर काय सांगू?" साहेब जीपकडे वळले.

बारकीने मान खाली घातली. हर्षालीने जीपकडे पाहिलं, मग पावडरचं पाणी पिऊन मलूल पडलेल्या पोरीकडे. तिने भूमिकाला जगदीशकडे दिलं, चवडीतली वरची पिशवी उचलली, चुरगाळली आणि गुरं बांधायच्या जागेतल्या शेणात दोन्ही पायांनी तुडवली.

"बघत काय बसलात? घाण करा!" ती ओरडली.

मग काय! पाडा तुटून पडला. कुणी राख फासली, कुणी माती. सावळीचा सासरा वेफरची पाकिटं एकेक करून शेणात बुडवायला लागला. ज्या पिशव्या काल चोळूनचोळून धुतल्या, त्यांच्यावर बारकी डोळे मिटून नाचत होती, "द्येवा, माफ कर रे," म्हणत.

साहेब प्रसन्न झाले. "आता कसा कचरा वाटतोय!" त्यांनी सगळ्यांना ढिगामागे उभं करून फोटो काढला.

"साहेब, नळ कधी?" शेणाचे हात पाठीमागे धरून हर्षालीने विचारलं. "आणि पाणी कुठलं येणार?"

"तुमचा झिरा आहे ना बारमाही? त्यावरच पंप. परवा माणूस येईल नमुना घ्यायला. पाणी शुद्ध निघालं की योजना मंजूर."

"आणि शुद्ध नाही निघालं तर?"

"अशुद्ध पाण्याला सरकार नळ कशाला देईल, बाई?"

"आन् ह्यो ढीग?" नवसूने विचारलं.

"मोहीम कचरा गोळा करायची आहे. न्यायची नाही," असं म्हणून साहेब गेले.

पुरुष ढीग कुणाच्या दारात ठेवायचा यावरून भांडत राहिले. हर्षालीने हात राखेने घासले, वाटी-हंडा घेतला आणि ती ओढ्यात उतरली. फेसाळलेलं पाणी वाटीने काढून लांब वाळूत ओतायला लागली. झिरा रिकामा झाला की बसायचं, पाझरायची वाट बघायची, पुन्हा काढायचं. पाणी प्यायचं नाही, भरायचं नाही, नुसतं फेकायचं. घरात प्यायला काल उकळलेली एक कळशी, ती भूमिकाची.

थोड्या वेळाने बारकी येऊन शेजारी बसली. वाकून तिने नव्याने पाझरलेल्या पाण्याचा वास घेतला.

"अजून येतोय गो," ती म्हणाली, आणि वाटीसाठी हात पुढे केला.